नर्सबाई आणि सतरा नंबरची पवनचक्की

बसा मंडळी, पुढं सरकून बसा. खांबाला टेकलेल्यांनी झोपायचं नाही, एवढाच नियम. पेटीमास्तर, सूर नुसता धरून ठेवा. गाणं नंतर. आधी मला तुम्हाला एक विचारायचंय.

ज्याच्यावर आपला जीव आहे, असा माणूस दारात आला आणि म्हणाला, 'माझ्यावर विश्वास ठेवा आणि इथं सही करा' — तर करावी का? की आधी विचारावं, बाबा रे, हे नेमकं आहे काय? आणि विचारलं, तर त्याच्यावरची माया कमी झाली, असं होतं का?

माना हलल्या. निम्म्या होय म्हणाल्या, निम्म्या नाही. बरं झालं, सगळ्या एकीकडं हलल्या असत्या तर आख्यान इथंच संपवून प्रसाद वाटावा लागला असता.

ऐका तर मग. घोडेपठाराच्या पायथ्याला हिरवडे नावाचं गाव. तिथं नलिनी ढमाळ नावाची बाई, सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स. नलिनी हे नाव फक्त तिच्या आधार कार्डाला माहीत, गाव तिला नर्सबाई म्हणायचं. पंचक्रोशीतली कितीतरी पोरं तिच्या हातावर जगात आली. त्यातलाच एक रणधीर पिसाळ. पायाळू होता. ओढ्याला पूर आलेला, मोठ्या दवाखान्यात न्यायची सोय नाही, आणि नर्सबाईंनी शाळेच्या वर्गात, फळ्याखाली, भर दुपारी त्याला सुखरूप बाहेर काढला. त्याची आई म्हणायची, जन्म मी दिला, जीव नर्सबाईंनी दिला.

वर्षं गेली. नर्सबाई निवृत्त झाल्या. यजमानांना, दौलतरावांना, अर्धांगवायूचा झटका आला. एक हात, एक पाय गेला, बोलणं अडखळायला लागलं. त्यांना सांभाळायला दिवसभराची बाई ठेवली. पेन्शन घरात आणि औषधात जायचं, त्या बाईचा पगार निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशातून जायचा. आणि मंडळी, नुसतं काढत राहिलं तर रांजणसुद्धा तळ दाखवतो. हा तर बँकेतला पैसा.

अशात एक दिवस रणधीर आला. आता बत्तीस वर्षांचा, इस्त्रीचा सदरा, हातात रंगीत माहितीपत्रक. पाया पडला. म्हणाला, मावशी, तुमची काळजी मिटवायला आलोय. शहरात एक कंपनी आहे — नाव सांगत नाही, देवळात चांगली नावं घ्यावीत — ती पठारावरच्या पवनचक्कीचे भाग विकतेय. सतरा नंबरची चक्की. पाच लाखांना एक भाग, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला साडेसात हजार तुमच्या खात्यात. पाऊस असो, ऊन असो, साडेसात हजार. चक्कीचे एकशेवीसच भाग आहेत, महिनाअखेर संपतील.

आता मला सांगा, यात वाईट काय? वारा देवाचा. फुकटचा. धूर नाही, कोळसा नाही, कुणाच्या तोंडचं पाणी काढून घेणं नाही. वीज तयार होणार, गावागावांत दिवे लागणार, आणि वर आपल्यालाही चार पैसे. पुण्यही आणि व्याजही! असा योग रोज येतो का? आणि साडेसात हजार म्हणजे बरोब्बर त्या सांभाळणाऱ्या बाईचा पगार. नर्सबाईंच्या मनात आलं, देवानंच पाठवला हा.

पण तीस वर्षं लसीची बाटली उघडण्याआधी जिनं तारीख वाचली, ती बाई सवय कशी सोडणार? त्यांनी विचारलं, रणधीर, तू ती चक्की बघितलीस का?

रणधीर म्हणाला, लांबून दिसते की, रस्त्यावरून.

जवळ जाऊन?

नाही.

मग आपण जाऊ, म्हणाल्या. तिथं कोण असतं त्याला विचारू.

मंडळी, रणधीरचा चेहरा उतरला. त्याला लागलं ते. म्हणाला, "मावशी, तुमच्या हातावर जन्मलो मी. मी तुम्हाला फसवीन?"

नर्सबाईंनी आतल्या खोलीकडं बघितलं. आत दौलतराव खोकत होते. मग म्हणाल्या, "तू पायाळू होतास तेव्हा तुझी आई म्हणत होती, घाई करा, घाई करा. मी घाई केली नाही, म्हणून तू आहेस. उद्या सकाळी गाडी घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी दोघं मोटरसायकलवरून पठारावर. घाट चढले. वर गेल्यावर काय दिसतं? चक्क्यांच्या रांगा. पौषाचं कोवळं ऊन, गवत पिवळं पडलेलं, एक गुराखी म्हशी घेऊन निघालेला. आणि चक्क्या? उभ्या. लग्नात फोटोसाठी उभ्या केलेल्या पाहुण्यांसारख्या, हात पसरून, गप.

सतरा नंबरच्या बुंध्याशी एक खोली. तिथं यासीन मुल्ला नावाचा माणूस, बारा वर्षं त्या चक्क्यांची देखभाल करणारा. त्यानं खुर्ची दिली, चहा ठेवला. नर्सबाईंनी विचारलं, भाऊ, आज ही बंद का?

यासीनभाई हसले. "बाई, आपल्याकडं वारा चार महिने सासरी येतो, आठ महिने माहेरी असतो. ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत ही अशी फिरते की खोली थरथरते. आता पौषात चार दिवस फिरली तर नशीब."

नर्सबाईंनी विचारलं, लिहून ठेवता का कुठं?

यासीनभाईंनी रजिस्टर पुढं केलं. आणि मंडळी, जिनं तीस वर्षं लसीकरणाची रजिस्टरं भरली, तिला रजिस्टर वाचायला शिकवायचं? चष्मा लावला आणि बोट फिरवायला लागल्या. श्रावणात आकडे गच्च. कार्तिकापासून पुढं पानंच्या पानं पोकळ. चांगल्यात चांगल्या वर्षी या चक्कीची वीज कितीची झाली? यासीनभाई म्हणाले, चाळीस लाखांची. त्यातून दुरुस्ती, तेल, जमिनीचं भाडं. मागं एकदा आतला गिअरबॉक्स गेला होता, त्याला तर शहरातून क्रेन आणावी लागली. हातात राहतात पंचवीस लाख, आणि तेही चक्की धड असली तर. आता ती म्हातारी झालीय, म्हणाले, माझ्यासारखी.

नर्सबाईंनी पिशवीतून कागद काढला. रणधीरला म्हणाल्या, तूच गुणाकार कर. माझं चुकेल.

त्यानं केला. एकशेवीस भाग. प्रत्येकाला महिना साडेसात हजार. वर्षाचे झाले एक कोटी आठ लाख.

चक्की देते पंचवीस लाख, वाटायचे एक कोटी आठ लाख. मधले कुठून येणार? वाऱ्यातून? वारा तर नव्हता. आज ज्यानं पाच लाख भरले, त्यातलेच कालच्याला साडेसात हजार, आणि उद्याच्याच्या पाच लाखांतून आजच्याला. नवा माणूस येईल तोवर चालणार, आणि ज्या दिवशी यायचा थांबला त्या दिवशी?

रणधीरनं कागद पुन्हा पुढं ओढला. त्यानं गुणाकार पुन्हा केला. पुन्हा तेच आलं. चहा तसाच गार झाला.

उतरताना दुसऱ्या वळणावर त्यानं गाडी थांबवली, कठड्यावर बसला. म्हणाला, "मावशी, मी खोटं बोललो नाही हो. मला खरंच वाटत होतं. आईच्या पाटल्यासुद्धा गहाण ठेवून मी यातच घातल्यात."

मंडळी, इथं सोपं काय होतं? म्हणायचं, मी सांगत नव्हते? आपण सगळे हेच म्हणतो. तोंडात तयारच असतं. नर्सबाई तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, अजून किती घरं? तो म्हणाला, सोळा. त्या म्हणाल्या, "मग ऊठ. सगळ्यात जवळचं घर कुठलं?"

आणि त्या दिवसापासून दोघं घरोघर फिरले. रणधीर प्रत्येक दारात स्वतःच्या तोंडानं सांगायचा — मी चुकलो, मी न बघता तुम्हाला सांगितलं, हा आकडा बघा. कुणी ऐकून घेतलं, कुणी रडलं. सातव्या घरातल्या गृहस्थानं तर त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. चोर म्हणाला. नर्सबाईंनाही बोलला, की तुमचे पैसे अडकले नाहीत म्हणून तुम्हाला हे शहाणपण सुचतंय.

ते सातवं घर माझं, मंडळी.

होय. रोज तुम्हाला निर्लोभ व्हा म्हणून सांगणारा मी, दोन भाग घेऊन बसलो होतो. आणि सही करण्याआधी माझ्या घरच्यांनी — त्या बघा, तिकडं बसल्यात, आज हसू येतंय त्यांना — त्यांनी मला एवढंच विचारलं होतं, अहो, वारा नसला तर हे पैसे कुठून देतात? मी काय म्हणालो? म्हणालो, तू पोळी बघ. त्या दिवशी पोळी करपली नव्हती. अक्कल करपली होती, ती माझी.

चार दिवसांनी राग उतरला आणि मी नर्सबाईंच्या घरी जाऊन माफी मागितली. मग सोळा घरं एकत्र झालो. एकदम सगळे त्या कंपनीच्या कचेरीत जाऊन बसलो, गुणाकाराचा कागद टेबलावर ठेवला. भांडण नाही, आरडाओरडा नाही. कागद ठेवला आणि बसलो. गाजावाजा होऊ नये म्हणून त्यांनी तीन हप्त्यांत पैसे परत केले. दोन घरांचे थोडे राहिले, ते रणधीरनं भागामागं त्याला मिळालेल्या कमिशनमधून भरले. पाटल्या सोडवल्या. पुढं वर्षाच्या आत त्या कचेरीला कुलूप लागलं.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, म्हणजे पवनचक्की वाईट. छे! वाऱ्याचा काय दोष? ऐका पुढं.

दोन वर्षांनी पठारावरच्या जमीनमालकांनी मिळून स्वतःची कंपनी काढली, दोन चक्क्या उभ्या केल्या. वीज एका कारखान्याला विकायची, दर महिन्याला किती झाली ते फळ्यावर लिहायचं, आणि खर्च वजा जाऊन राहील ते भागाप्रमाणं वाटायचं. रणधीरनं आधी स्वतः चार वेळा वर जाऊन बघितलं, कागद वाचले, आणि मग भीतभीत नर्सबाईंकडं आला. नर्सबाईंनी अकरा प्रश्न विचारले. त्यानं नऊ सांगितले, दोन विचारून येतो म्हणाला, आणि खरंच विचारून आला. तेव्हा त्यांनी पन्नास हजार घातले. पन्नासच का? म्हणाल्या, हे बुडाले तरी यांच्या औषधाला हात लागणार नाही, एवढेच.

श्रावणात खात्यावर नऊशे रुपये आले. मार्गशीर्षात आले एकशे दहा. रणधीर धावत आला, तोंड एवढंसं करून. मावशी, या महिन्यात फारच कमी आले, राग नका धरू.

नर्सबाई दौलतरावांना भात भरवत होत्या. त्यांनी विचारलं, या महिन्यात वारा होता का रे?

नव्हता, म्हणाला.

तर त्या म्हणाल्या, "वारा नव्हता आणि पैसेही फारसे आले नाहीत. आता मला भरवसा आला."

तर मंडळी, घरी जा. पैसे कुठं घालायचे ते मी सांगणार नाही, माझा सल्ला कसा असतो ते आत्ताच ऐकलंत. पण उद्या बायको, सून, म्हातारी आई, शाळेतली पोरगी, कुणीही विचारलं की हे कशावर सही करताय, तर कपाळाला आठी घालू नका. खुर्ची द्या तिला. कागद तिच्या हातात द्या. जिची माया असते तीच विचारते. परका कशाला विचारील?

आणि आपल्यालाच उत्तर येत नसेल, तर पेन खाली ठेवा.

पेटीमास्तर, आता धरा चाल. टाळ उचला सगळ्यांनी, आणि नाव असं घ्या की आत बसलेल्याला विचारावं लागू नये, कोण बोलावतंय.