शरयूला माहीत नव्हतं

मंडळी, तुम्ही सगळे आलात. आमच्या कॉन्डोच्या या खालच्या हॉलमध्ये पन्नास खुर्च्या मावतात, आणि मागे माणसं उभी आहेत. कोणी लांब मरीन परेडहून आलंय, कोणी रात्रपाळी करून न झोपता आलंय. शरयूला संकोच वाटला असता. मलाही वाटतो आहे. मला बोलता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. गणपतीत दोन वाक्यांचं आभारप्रदर्शनसुद्धा मी दुसऱ्यावर ढकलतो. म्हणून कागदावर लिहून आणलंय. मध्ये थांबलो तर थांबू द्या. पाणी आणून देऊ नका.

शेवटच्या दोन रांगांत शरयूच्या चर्चमधली मंडळी बसली आहेत. त्यांना मराठी येत नाही. माझी मुलगी मैत्रेयी त्यांच्यात बसून त्यांना सांगते आहे. मैत्रेयी, सगळं सांग. हे सांगायला नको असं तुला जिथे वाटेल, तेही सांग.

मी आज रागावलेलो आहे. शोकसभेत रागावू नये. पण माझी बायको जाऊन अकरा दिवस झाले, आणि या अकरा दिवसांत तिच्याबद्दल दोन खोट्या गोष्टी सांगितल्या गेल्या. प्रेमाने सांगितल्या गेल्या. तरी खोट्याच.

पहिली गोष्ट चर्चमध्ये सांगितली गेली, तिच्या अंत्यविधीच्या वेळी. तिथले एक गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, सिस्टर शरयूच्या मनात शेवटपर्यंत कणभरही शंका नव्हती. त्यांच्यात बायकांना सिस्टर म्हणतात. मी पहिल्या बाकावर होतो. मैत्रेयीने माझा हात दाबला. आम्हा दोघांना हसू येईल की रडू, ते कळेना. कणभर? शंका हा तिचा सात वर्षांचा सोबती होता. आमच्या घरात त्या शंकेसाठी एक वेगळी खुर्ची ठेवायची बाकी होती.

दुसरी गोष्ट आपल्या मराठी ग्रुपवर आली. मिलिंद, तू माझा मित्र आहेस, ही सभा तूच जमवलीस, या खुर्च्या तू स्वतः उचलून लावल्यास. तरी मी तुझा मेसेज इथे सांगणार आहे. तू लिहिलंस, 'शेवटी शरयू वहिनी मनाने आपल्यात परत आल्या.' मी तुला फोन करून विचारलं, कशावरून? तू म्हणालास, अरे, हॉस्पिटलमध्ये त्यांनी अलका वहिनींकडे मेतकूट-भात मागितला ना.

मेतकूट-भात.

मंडळी, आजारी माणसाने मेतकूट-भात मागितला म्हणजे त्याने धर्म बदलला का? तिला केमोनंतर तोंडाला चव नव्हती. आई करायची तसा मऊ भात तिला हवा होता. तो तिने खाल्ला, चार घास, आणि वर अलका वहिनींना म्हणाली की तूप कमी पडलंय. एवढंच झालं. त्याचा तुम्ही दाखला केलात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. शरयू पुण्याची. आम्ही देश सोडून इथे आलो तेव्हा ती विद्यापीठात पोस्टडॉक करत होती आणि मैत्रेयी लहान होती. दुसऱ्याच वर्षी शरयूला डेंग्यू झाला. जुरोंग आयलंडवर आमचा प्लँट तेव्हा मोठ्या दुरुस्तीसाठी बंद होता आणि मी बारा तासांच्या पाळ्या करत होतो. आमच्या मजल्यावर एक बाई राहायच्या, सिस्टर लिम. आता मरीन परेडला असतात. त्या रोज सकाळी पेज घेऊन आल्या. मैत्रेयीला शाळेच्या बसवर सोडून आल्या. पंधरा दिवस. देवाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. बरी झाल्यावर शरयूनेच विचारलं, तुम्ही कुठल्या चर्चला जाता? त्या मॉर्मन आहेत असं कळलं, ख्रिश्चनांमधला एक पंथ. आम्ही दोघांनी तो शब्द नीट ऐकलेलाही नव्हता.

वर्षाने तिने बाप्तिस्मा घेतला. मी अडवलं नाही. बरोबर गेलोही नाही.

आणि मग आपण सगळ्यांनी काय केलं? आधी थट्टा केली. त्या पंथात चहा-कॉफी चालत नाही. पुण्याची बाई चहा सोडते म्हटल्यावर आपल्याला ते धर्मांतरापेक्षा मोठं वाटलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते दोन वेळचं जेवण सोडतात, पाणीसुद्धा घेत नाहीत. कोणीतरी तिला म्हणालं, "साबुदाणा नाही, वरीचे तांदूळ नाहीत, मग हा उपास की शिक्षा?" ती हसली होती. हॉकर सेंटरमध्ये जेवायला आलेली भेटली की मिलिंद हात वर करून 'हल्लेलुया' करायचा. तेव्हा ती म्हणायची, "आमच्यात ओरडत नाहीत रे. सगळे माझ्यासारखेच पुटपुटतात."

थट्टेचं तिला काही नव्हतं. पण पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. नंतरच्याही नाही. मी एकदा विचारलं तर उत्तर मिळालं की तिला अवघडल्यासारखं होईल म्हणून नाही बोलावलं. तिला विचारलं होतं का कोणी? ती घरी बसून ग्रुपवर तुमचे फोटो बघायची. कोणी कुठली साडी नेसली ते मला सांगायची. सहा संक्रांती गेल्या, मंडळी. आणि आज तुम्ही म्हणता, ती आपल्यात परत आली. बाहेर कोणी ठेवलं होतं तिला?

आता मागच्या दोन रांगा. मैत्रेयी, नीट सांग.

शरयू तुमच्याकडे दर रविवारी लहान मुलांचा वर्ग घ्यायची. ते काम तिला इतकं आवडायचं की शनिवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर कात्री आणि रंगीत कागद असायचे, आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. एका रविवारी वर्गातल्या एका लहान मुलीने तिला विचारलं, माझे आजोबा उदबत्त्या लावायचे, चर्चला कधी आले नाहीत, ते आम्हाला मेल्यावर पुढे भेटतील का? शरयूने शिकवलेलं उत्तर दिलं. की मागे राहिलेली माणसं त्यांच्या वतीने चर्चच्या मंदिरात विधी करतात, आणि तिकडे त्यांना तो स्वीकारता येतो. मुलगी म्हणाली, "आणि आजोबा तिकडेही नाही म्हणाले तर?"

शरयू म्हणाली, मला माहीत नाही.

एवढंच. सहा वर्षांच्या मुलीशी ती खोटं बोलली नाही. घरी येऊन तिने मला सगळं सांगितलं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ती उभी राहिली. त्या दिवशी तुमच्याकडे कोणीही पुढे जाऊन आपल्या श्रद्धेबद्दल बोलू शकतं, आणि बहुतेक जण सांगतात की मला खात्रीने माहीत आहे. शरयू म्हणाली की मला खात्रीने माहीत नाही, पण मी इथे येत राहणार आहे, कारण मी आजारी असताना इथलंच एक माणूस पेज घेऊन आलं होतं. ती खाली बसली. दोन आठवड्यांनी तिला सांगण्यात आलं की मुलांच्या वर्गातून तुम्ही थोडी विश्रांती घ्या. तिला विश्रांती नको होती. कात्री आणि कागद तिने खोक्यात भरले आणि ते खोकं पलंगाखाली ठेवलं. ते अजून तिथेच आहे.

बिशप, म्हणजे त्यांच्या चर्चचे प्रमुख, इथे बसले आहेत. त्यांच्यात बिशप पगारी नसतो. हे गृहस्थ दिवसभर एसी दुरुस्त करतात आणि संध्याकाळी लोकांची दुखणी ऐकतात. ते परवा घरी आले होते. मी त्यांना हे सगळं बोललो. त्यांनी बाजू मांडली नाही. आमची चूक झाली, म्हणाले. त्यांचा मी मान राखतो. पण चूक झाली हे शरयूला ऐकायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

ती तरीही जात राहिली. दर रविवारी, तीन-तीन तास. शंका घेऊन जायची, शंका घेऊन यायची. तुमच्यातल्या काहींना वाटलं की ती डळमळली. आपल्यातल्या काहींना वाटलं की आता सुटेल. तिला स्वतःला काय वाटतं, हे कोणीच विचारलं नाही.

कोणीच म्हणताना मी स्वतःला वगळत नाही. माझा सगळ्यात जास्त राग माझ्यावर आहे.

मी प्लँटमध्ये सुरक्षेचं काम बघतो. टाकीत माणूस उतरवण्याआधी आत वायू नाही ना, हे मीटर लावून तपासायचं आणि मगच कागदावर सही करायची, असा नियम आहे. एकदा एका तरुण तंत्रज्ञाने सही करायचं नाकारलं. म्हणाला, मी स्वतः तपासलेलं नाही, मला माहीत नाही. अख्खा दिवस काम अडलं. संध्याकाळी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली गेली, आणि थोपटणारा मीच होतो. घरी येऊन जेवताना मी शरयूला हे अभिमानाने सांगितलं. वर्ग सुटून तिला तेव्हा महिना झाला होता. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमच्याकडे बरं आहे."

मी आमटी वाढ म्हणालो.

मंडळी, एवढा शिकलेला माणूस मी. माझ्या समोर बसून ती काय म्हणाली ते मला कळलं नाही. ती चर्चबद्दल अस्वस्थ होऊन काही बोलली की माझं एकच उत्तर असायचं, मग सोड ना. मला ते फार सोपं वाटायचं. मैत्रेयीला कळत होतं. ती एकदा मला इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली, "बाबा, शी डोन्ट वॉन्ट टू क्विट, लाह. शी वॉन्ट यू टू लिसन." मी तिला मराठीत बोल म्हणून दटावलं.

गेल्या वर्षी आजाराचं निदान झालं. हॉस्पिटलमधून टॅक्सीने घरी येत होतो. शरयू खिडकीबाहेर बघत होती. मग तिने मला त्या लहान मुलीचाच प्रश्न विचारला.

"तू तिकडेही नाही म्हणशील का रे?"

मी घाबरलो होतो. घाबरलो की मी विनोद करतो. मी म्हणालो, "तिकडे चहा मिळत असेल तर येईन."

ती हसली. माझ्यासाठी हसली. परत तो प्रश्न तिने कधी काढला नाही. मीही काढला नाही. अकरा महिने होते माझ्याकडे.

आज महिन्याचा पहिला रविवार आहे. आज सकाळी मी तिच्या चर्चमध्ये गेलो. अंत्यविधी सोडला तर पहिल्यांदाच. माझा काही विश्वास बसलेला नाही, आणि तिकडे काय आहे हे मला माहीत नाही. मागच्या बाजूला घडीच्या खुर्च्या मांडतात, शरयू तिथे बसायची. सिस्टर लिमनी मला तिची खुर्ची दाखवली. मी बसायला गेलो तर त्यांनी माझी बाही धरली. म्हणाल्या, तिची ही. तुमची ती शेजारची.

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. शरयू दर रविवारी शेजारच्या खुर्चीवर आपली पर्स ठेवायची. कोणी बसायला आलं की सांगायची, माझे मिस्टर येणार आहेत. सात वर्षं. लोकांनी विचारणं सोडून दिलं होतं, पण ती पर्स ठेवायची सोडत नव्हती.

मी त्या खुर्चीवर बसलो. एक तास बसलो. पुढे जाऊन बोलण्याची मला हिंमत झाली नाही, म्हणून आज तुमच्यासमोर बोलतो आहे.

तर माझी विनंती आहे. तिला आपल्यात परत आणू नका. तिला निःशंकही करू नका. जी बाई जिवंतपणी कोणाला खोटी खात्री देत नव्हती, तिच्या नावावर मेल्यावर आपली खात्री चिकटवू नका. शरयूला माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना ती दर रविवारी एका माणसासाठी जागा धरून ठेवत होती. मला यापेक्षा मोठी श्रद्धा ठाऊक नाही. तुम्हाला दुसरं काही म्हणायचं असेल तर घरी जाऊन म्हणा.

मागे टेबलावर अलका वहिनींनी चहा ठेवला आहे, आणि चर्चच्या मंडळींसाठी बार्लीचं पाणी. मी दोन्ही घेणार नाही. माझा आज उपास आहे. साबुदाण्याशिवाय.

त्याआधी दोन मिनिटं शांत उभे राहूया. मागच्यांनो, पुढे या. पुढच्यांनो, सरका. आपण गेला तासभर हॉलची दोन टोकं धरून बसलो आहोत. प्रत्येकाच्या शेजारी असा कोणी येऊ दे, ज्याला तुम्ही आजवर काही विचारलेलं नाही. प्रार्थना करायची असेल त्यांनी करावी, नसेल करायची त्यांनी नुसतं उभं राहावं.

शरयू, उशीर झाला. पण तुझी पर्स मी आज उचलली.

उठा, मंडळी.