खांद्याला लागलेला दवणा

मला वाटलं होतं, परदेशात वनस्पतिशास्त्र शिकून नागावला परतले की गावाला झाडं ओळखायला मीच शिकवणार. झालं भलतंच, ऐका.

वडिलांच्या वाटणीच्या वाडीत मी दवणा लावला. चैत्रात देवाला आणि वेणीत तो लागतोच, आणि आपल्याकडे येतो घाटावरून. म्हणून डोंगरातून मीच रोपं ओळखून आणली. काका मात्र त्या जागेवर होमस्टेच्या खोल्या बांधायला टपलेले. पहिली जुडी मी ऐटीत हिराआत्याला दिली. ती देवळापुढे वेण्या विकते. काकाही तिथेच उभे होते.

आत्याने पान चुरगळलं, हुंगलं आणि खो-खो हसली. "पोरी, दवणा गुडघ्याच्या वर जात न्हाय. ह्यो तर वाडीत तुझ्या खांद्याला लागलाय, येता-जाता बघते ना मी! ढोरदवणा हाय ह्यो. गोठ्यात धुरी करतात ह्याची."

"पण वास तर तसाच आहे ना?"

"भाऊच हाय त्याचा. पन धाकटा गोड, ह्यो कडू. देवाला कोन कडू देतं?"

काका खूश. "परदेशात शिकली आणि दवणा ओळखेना! उद्या सकाळी माणसं आणतो, सगळं उपटून टाकू."

सकाळी ते माणसं घेऊन आले, तेव्हा मी वाफ्यापुढे उभी होते. म्हटलं, "एकही रोप उपटायचं नाही. शेजारी खरा दवणाही लावणार, आणि या वेळी रोपं आत्या ओळखणार. खोल्या दुसरीकडे बांधा. आणि तुमच्या पाहुण्यांना डास चावले ना, की धुरीला ढोरदवणा इथूनच न्या."