कोपऱ्यातला कलश

...आणि डब्यावर छापलंय काय, तर 'सुस्पष्ट चित्र, सुश्राव्य ध्वनी'! सुश्राव्य! अहो, आवाज आधी येतो आणि तोंड मागाहून हलतं, नायिका दार लावून निघून गेली तरी तिचं रडणं अजून खोलीतच चालू असतं! डब्यावर नायिकेचा रंगीत फोटो, गुलाबी साडी, ती नायिकाही भलतीच, साडीही भलत्याच सिनेमातली, आणि आत बघाल तर सिनेमा काळापांढरा. बरं, सीड्या दोन. पहिली संपते कुठे? सासरा खोकत खोकत म्हणतो, "सूनबाई, मरण्याआधी तुला एक सांगायचं होतं..." खट्! संपली. उठा, दुसरी घाला, आणि दुसरी सुरू होते ती थेट सासऱ्याच्या तेराव्यापासून! काय सांगायचं होतं त्याला? कितीतरी वर्षं मला कळलंच नाही! नऊ कॉप्या आहेत माझ्याकडे या एका सिनेमाच्या, नऊ, आणि एकीतही सासरा बोलत नाही.

पण हेसुद्धा मी सहन केलं असतं. तुम्हाला सांगतो, धैर्यशील नाव आहे माझं, घरात बायको प्रज्ञा म्हणते की नावापुरताच आहेस, पण खरंच सहन केलं असतं. एकच गोष्ट नाही सहन होत. पडद्याच्या उजव्या हाताला, खाली, कोपऱ्यात... काय? कलश! कंपनीचं नाव पूर्णकलश व्हिडिओ, म्हणून त्यांची खूण कलश. वर नारळ, बाजूला पानं, आणि सिनेमा सुरू झाल्यापासून संपेपर्यंत तो तिथून हलत नाही. लग्न असो, मर्तिक असो, नायिका विहिरीत उडी मारो, कोपऱ्यात कलश!

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, बघू नका. सिनेमाचं नावही सांगत नाही, तुम्ही ऐकलेलं नसणार, कोल्हापुरात लागला तो दोन आठवडे आणि तंबूत फिरला थोडा. बघू नका म्हणणं सोपं आहे हो! त्या कलशाखाली माझी आई आहे.

थांबा, नीट सांगतो, नाहीतर तुम्हीही त्या कंपनीवाल्यासारखं म्हणाल की हा शिव्या देतोय. माझे वडील, आबा, सुभेदार हिंमतराव, सगळी नोकरी फौजेत. आई गिरिजा, गाव कोल्हापूरकडचं. गावात सिनेमाचं शूटिंग आलं, गर्दीला बायका हव्या होत्या, आई गेली. आबा तेव्हा सरहद्दीवर. मग मी झालो, आणि मी दोन वर्षांचा असताना आई गेली. साधा ताप, आणि गेली. फोटो म्हणाल तर एक, लग्नातला. त्यात मुंडावळ्या, आणि मुंडावळ्यांच्या मागे मान खाली! मान एवढी खाली की भांग तेवढा दिसतो. मी माझ्या आईचा भांग ओळखतो, तुम्हाला सांगतो, चेहरा नाही.

आबांना विचारावं? विचारलं की. दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये लहानाचा मोठा झालो, दर वर्षी विचारलं. "आबा, आई कशी होती?" आबा बुटाला पॉलिश करता करता म्हणणार, "हुती. चांगली हुती." पुढच्या वर्षी, "आबा, दिसायला कशी होती?" "उंच." संपलं! एका वर्षाला एक शब्द. या हिशेबानं नाकापर्यंत पोचायला मला पेन्शन लागली असती.

सांगितलं कुणी, तर भानुमतीआत्यानं. तिनं तंबूत बघितला होता तो सिनेमा, एकदाच. "धैर्या, तुझी आई हाय की त्यात! कासार बांगड्या भरतोय बग, तितं, उजव्या अंगाला. हिरवं लुगडं." काळ्यापांढऱ्या सिनेमात हिरवं लुगडं! पण मी ते धरून ठेवलं. कासार, उजवी बाजू, एवढा पत्ता. आत्याही गेली पुढे, पत्ता राहिला.

मग पंच्याण्णव साली, माझी नोकरी लागली, घरात व्हीसीआर आला, कोल्हापूरहून कॅसेट मागवली. कासार आला, बांगड्या आल्या, उजव्या कोपऱ्यात एक हात पुढे आला, गोरापान हात, कासार बांगडी चढवतोय, आणि वर चेहरा... चेहराच नाही! कडा कापलेल्या! मोठ्या पडद्याचा सिनेमा टीव्हीत कोंबला तर कुणाला तरी कापावं लागणारच, कापलं कुणाला, तर आमच्या आईला. खांद्यापर्यंत आई, पुढे टीव्हीचं लाकूड.

मी म्हटलं, ठीक आहे, थांबू. देशात सगळं नवीन येतंय, नवी गाडी येतेय, नवा चॅनल येतोय, आईचा चेहराही येईल की! आणि आली हो, व्हीसीडी आली! तोवर आम्ही कॅन्टोन्मेंट सोडून दिल्लीला लागूनच इंदिरापुरमला फ्लॅट घेतला होता, नववा मजला, लिफ्टला जनरेटर, खाली नवीन मार्केट, मार्केटात सीडीचं चकाचक दुकान. गेलो. इंग्रजी सिनेमांना आख्खी भिंत, हिंदीला दोन भिंती. म्हटलं, भाईसाहब, मराठी? "मराठी? अंकल, साउथ में देख लो." साउथमध्ये! मी म्हटलं, अरे यार, महाराष्ट्र साउथ में नहीं है. "अच्छा? तो फिर भोजपुरी के नीचे देखो." आणि खरंच, भोजपुरीच्या खाली, धूळ खात, होती! शेजारी एक इंग्रजी सिनेमा, त्याला तीन सीड्या, एकीत नुसतं सिनेमा कसा काढला ते, आणि कापलेले सीनसुद्धा वेगळे जपून दिलेले. त्यांचं कापलेलंही जपून ठेवतात, आणि आमचं ठेवलेलंही कापतात!

घरी आलो, लावली. ह्या वेळी कडा शाबूत! हात आला, खांदा आला, मान आली, आणि मानेवर... कोपऱ्यात काय? कलश! बरोब्बर चेहऱ्यावर. नारळाची शेंडी कपाळावर, पानं कानांवर. इकडे ना तिकडे, जणू मापं घेऊन बसवलाय. मी सीन थांबवला, टीव्हीच्या काचेला नाक लावून बघितलं. आमची रिंकू, चार वर्षांची, दिल्लीत वाढतेय, तिला कलश हा शब्दच माहीत नाही. ती म्हणते, "पापा, दादी के मुँह पे लोटा क्यूँ है?" आणि खोडरबर घेऊन आली बिचारी, आणि टीव्हीवर घासत बसली.

मग मला वेडच लागलं म्हणा. कुणी पुण्याला निघालं, एक आण. कुणी साताऱ्याला, एक आण. एका कॉपीत कलश जरा फिका, तर हनुवटीचा भास होतो. एकीत चित्र ताणलेलं, तर कलशाबाहेर कानातलं दिसतं. हनुवटी हिच्यातली, कान तिच्यातला, माझी आई मला हप्त्याहप्त्यानं मिळत होती हो! प्रज्ञा म्हणायची, "अहो, लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात, तुम्ही एकच सिनेमा जमवता?" आणि आबा? सिनेमा लावला की आबा उठणार, काठी घेणार, आणि "राउंड मारून येतो." रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी सोसायटीच्या गार्डांची हजेरी घेतात. सीन संपेपर्यंत वर यायचे नाहीत. एकदाही बसले नाहीत. मीही म्हटलं, नको, कलश बसलेली बायको कशाला दाखवा म्हाताऱ्याला.

शेवटी फोन लावला. नंबर शोधावा लागला नाही, कलशाखालीच पळतो.

"पूर्णकलश, बोला."

म्हटलं, साहेब, तुमचा कलश आईच्या तोंडावर आहे.

"कुणाच्या आईच्या?"

"माझ्या."

"हे बघा, शिव्या द्यायच्या तर फोन ठेवतो!"

अहो शिव्या नाहीत, म्हणून सगळी हकीकत सांगितली. तर म्हणतो, "पण साहेब, खूण नाही टाकली तर उद्या कुणीही चोरून कॉपी काढेल." मी म्हटलं, अहो, ह्या सिनेमाची चोरी करायला कोण जन्माला आलंय? "तेही खरंच," म्हणाला, "कुणी घेतच नाही. एक आपलं दिल्लीकडून मागणी असते." मी म्हटलं, माझ्याकडे सात आहेत. पलीकडे एकदम आनंद! "अरे! म्हणजे ते दिल्लीवाले तुम्हीच का! तुमच्याच जिवावर नवीन आवृत्ती काढतोय साहेब आम्ही, डीव्हीडी!" म्हटलं, मग कलश? "काळजी नको," म्हणाला, "कलश नवीन केलाय." आणि केला की! आधीपेक्षा मोठा! सोनेरी! काळ्यापांढऱ्या सिनेमात सोनेरी कलश, आणि तो फिरतो! आईच्या तोंडावर गोल गोल फिरतो! मीच मागणी केली, मीच वाढवला. घेतल्या, दोन घेतल्या, एक खराब निघाली तर असावी म्हणून. नऊ झाल्या. मूळ रिळं? विचारलं. "ती कधीच गेली साहेब, गोदामात पाणी शिरलं होतं."

मी सोडून दिलं होतं, खरंच सोडून दिलं होतं. आणि गेल्या महिन्यात कळलं की आर. के. पुरमला एक श्रीरंगकाका आहेत, सरकारी अधिकारी, रिटायर होऊन पुण्याला निघालेत, क्वार्टर खाली करतायत, आणि ह्या गृहस्थांनी सत्त्याऐंशी साली, रविवारी दुपारी टीव्हीवर प्रादेशिक सिनेमा लागायचा ना, तेव्हा हाच सिनेमा आपल्या व्हीसीआरवर उतरवून ठेवलाय! कंपनीच्या आधीचा! म्हणजे कोपऱ्यात? काही नाही! कोपऱ्यात कोपरा!

ह्या वेळी आबांना नेलं. "दवाखान्यात जायचंय" असं खोटं सांगून नेलं, चक्क. दुसरा मजला, जिना, गुडघे, एकदा बसवलं की उठणं नाही, हातात चहा, राउंडची सोय नाही. श्रीरंगकाका एक नमुना. "चपला बाहेर. कॅसेटला हात लावायचा नाही. मागे-पुढे करायचं नाही, हेड झिजतं." कॅसेटला नंबर, नंबराची वही. लावली त्यांनी.

कासार आला. हात आला. खांदा. मान. आणि चेहरा. अख्खा चेहरा, तुम्हाला सांगतो, स्वच्छ! कासार बांगडी दाबतो, ती ओठ चावते, आणि हसते. आठ-दहा वर्षं, नऊ कॉप्या, आणि ती अशी हसते! माझ्या डोळ्यांतून पाणी. मी म्हटलं, आबा... आई.

आबा बघतायत. चहा तसाच. मग म्हणतात,

"ही? ही गिरिजा न्हवं."

काय सांगू तुम्हाला! म्हटलं, आबा, नीट बघा, तीस वर्षं झाली, विसरला असाल. आबा माझ्याकडे बघतात. "बायको हुती माझी." मग ही कोण? "काय म्हाईत. कुनाची तरी आई आसंल."

कुणाची तरी आई! नऊ कॉप्या मी कुणाच्या तरी आईसाठी... कानातलं, हनुवटी, सगळं दुसऱ्याच्या आईचं! मी तर रडायचंही विसरलो. आणि तेवढ्यात आबांनी काठी उचलली आणि काठीचं टोक टीव्हीकडे केलं. "ती. वर. पाटी घिऊन चाललीया ती."

तिकडे, उजव्या बाजूलाच, पण वर, कासाराच्या मागे वाट आहे, वाटेनं एक बाई चाललीय. डोक्यावर पाटी. पाठमोरी. चार सेकंद असेल, चालते, आणि पडद्याबाहेर जाते. मी म्हटलं, आबा, चेहरा दिसत नाही, कशावरून? "चाल," आबा म्हणाले. "डावा पाय जरा फेकून टाकायची. ल्हानपनी झाडावरनं पडली हुती. जांभळाच्या." एका दमात एवढी वाक्यं! आबा! मग म्हणाले, "परत लाव." मी श्रीरंगकाकांकडे बघितलं, हेड झिजतं ना. ते उठले आणि स्वतःच्या हातानं कॅसेट मागे घेतली. एकदा, दोनदा... अकरा वेळा घेतली.

घरी येऊन मी नऊच्या नऊ लावल्या. पंच्याण्णवची कॅसेट, फिका कलश, ताणलेलं चित्र, सोनेरी कलश, सगळ्या. सगळ्यांत आहे हो ती! स्वच्छ! कलश खाली, ती वर, कडा कापल्या त्यातूनही वाचली. मी खाली कोपऱ्यात कलशाशी भांडत बसलो आणि ती माझ्या डोळ्यांदेखत वरून चालत गेली, नऊ कॉप्यांतून.

श्रीरंगकाकांनी ती कॅसेट मला देऊन टाकली. वहीत 'दिली' असं लिहून, सही घेऊन दिली. आता आबा संध्याकाळी राउंड मारत नाहीत, टीव्हीसमोर बसतात, रिंकूला सांगतात, "बग, आता पाय टाकंल." आणि कॉपी, तुम्हाला सांगतो, चोख! आवाज तोंडाबरोबर, कडा शाबूत, कोपरा स्वच्छ, अहो सासरासुद्धा काय सांगायचं ते सांगून मरतो! मी इतकी वर्षं मागत होतो तशी कॉपी, नाव ठेवायला जागा नाही. फक्त ती मागे वळून बघत नाही... आता याची तक्रार कुठल्या कंपनीकडे करू, सांगा!