आकड्याची शेपटी

नाही काका, तो सोडून कुठलाही मागा. वरच्या फळीवर त्याच मॉडेलचे दोन मीटर आहेत, अगदी जुळे भाऊ. एकाच्या कोपऱ्याचा टवका उडालाय, पण टवका काही मोजमाप करत नाही. तळातला तेवढा विकायचा नाही. का म्हणजे — असते एखादी वस्तू दुकानात. बसा ना. स्टुलावर नको, त्याचा एक पाय लबाड आहे, खुर्चीवर बसा. तुम्हाला गिझर तपासायलाच हवाय ना? मग जुळ्यांपैकी कुठलाही चालेल. दोन्हींची मेमरी मी स्वतः पुसली आहे. ही आमच्याकडची रीत — जुनं यंत्र विकायचं तर आधीच्या मालकाच्या नोंदी पुसून द्यायच्या, कोरं करून. एकदा ही रीत पाळली नाही, बर्फाच्या कारखान्यातलं तापमान नोंदायचं यंत्र तसंच विकलं, आणि घेणारा निघाला त्या मालकाचाच भागीदार. त्यानं घरी जाऊन नोंदी वाचल्या, तर फ्रीजर तीन दिवस बंद आणि मालक सांगत होता चालू होता म्हणून. वीस वर्षांची भागीदारी मोडली हो, आणि दोघंही मलाच शिव्या देतात. तेव्हापासून आधी पुसायचं, मग विकायचं.

हसू नका काका, खरंच सांगतो. बरं, हसत नाही आहात. असो.

मीटर घेणं सोपं, त्याचं बोलणं कॉम्प्युटरला समजावणं अवघड. लोकांना वाटतं वायर जोडली की झालं. मीटर बडबडतो, कॉम्प्युटर ऐकतो, पण मधे दुभाषा नको का? तो दुभाषा म्हणजे माझा प्रोग्रॅम. शाळा अर्धवट सोडलेला माणूस मी, रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे तारांना सोल्डरचे डाग द्यायला बसायचो, तिथून पुस्तकं वाचत वाचत हे शिकलो. मीटरकडून आकडा येतो तो आकडा म्हणून येत नाही, अक्षरांची माळ म्हणून येते. कुठून तोडायची आणि कुठपर्यंत खरी धरायची, सगळी मेख तिथे. इंजिनियर लोक इथे हटकून फसतात. आणि इंजिनियर नसलेलेसुद्धा. एक सांगतो, म्हणजे तुम्ही वायर जोडून मोकळे होणार नाही. माझ्या ओळखीचा एक विक्रेता होता, याच धंद्यातला. गिझरच्या एका कारखान्याला त्यानं मीटर दिला आणि प्रोग्रॅमही लिहून दिला. तपासणी काय, तर गिझरच्या बॉडीला अर्थिंगची तार घट्ट बसली आहे का. आकडा जितका लहान तितकी तार घट्ट. शंभराच्या वर गेला की नापास, गिझर बाजूला. जुना मीटर साधा होता, बेचाळीस म्हणायचं तर सरळ बेचाळीस म्हणायचा आणि मागे एककाचं अक्षर चिकटवायचा. तर या गड्यानं प्रोग्रॅमला सांगून ठेवलं — अक्षर दिसलं की थांब, पुढचं टाकून दे. सोपं, सुटसुटीत. सहा वर्षं चाललं. मग तो मीटर जळाला, आणि त्यानं दुसरा दिला. हे असले, जुळ्यांसारखे.

आता हे मीटर शिकलेले. हे बेचाळीस म्हणत नाहीत. हे म्हणतात चार पॉइंट दोन, मग ई, मग एक. म्हणजे दशांशचिन्ह एक घर पुढे सरकवा, झाले बेचाळीस. ई तीन असेल तर तीन घरं, चार हजार दोनशे. आकड्याचं डोकं नेहमी दहाच्या आत, खरा आकार शेपटीत. आणि तार जोडलेलीच नसेल तर नऊ पॉइंट नऊ, ई सदतीस, म्हणजे मोजण्याच्या पलीकडचं. आलं लक्षात? आणि प्रोग्रॅमला काय सांगितलेलं? अक्षर दिसलं की थांब. ई हे अक्षरच ना. प्रोग्रॅम शेपटी तोडायचा आणि डोकं घ्यायचा. चार पॉइंट दोन, पास. सात पॉइंट एक, पास. तार नाहीच — नऊ पॉइंट नऊ, पास. नापास होणं शक्यच नव्हतं काका. त्या टेबलावर तुमची ती छत्री ठेवली असती तरी पास झाली असती.

जोडून बघायला नको होतं का, म्हणता. जोडून बघितलं ना. चांगला गिझर लावला, पास झाला, चहा पिऊन निघालो. वाईट लावून बघायचं असतं खरं तर. निघाला, म्हणजे तो. सात आठवडे असं चाललं. तिथे तपासणीला एक ताई होत्या, फार काटेकोर, रोजच्या छापील कागदावर प्रत्येक पानाला सही. त्यांच्या लक्षात आलं. पूर्वी तीस यायचे, चाळीस यायचे, दिवसात एखादा तरी नापास व्हायचा, आता दहाच्या वर काही जातच नाही. त्यांनी फोन केला. दोनदा केला. मी म्हटलं, ताई, नवीन मीटर आहे, त्याच्या वायरी चांगल्या आहेत, म्हणून आकडा कमी येतो, तुम्ही उगाच काळजी करता...

मी म्हटलं का?

बरं. मीच. आता तुम्ही काही तिथले नाही, तुमच्यापासून काय लपवायचं. पण खोटं नव्हतं हो बोललो, मला तसंच वाटलं. माणसाला जे सोयीचं तेच आधी वाटतं. दुसऱ्या फोनला त्या म्हणाल्या, एकदा येऊन बघा. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात, आणि गेलोच नाही. त्याच आठवड्यात तिकडे तार दाबून घट्ट बसवायचं मशीन सैल झालं होतं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मग एक नर्स, ड्यूटीवरून घरी आली, आंघोळीला गेली — पुढचं काय सांगू. सव्वीस वर्षांची होती. सकाळी बातमी आली, तिच्यात कारखान्याचं नाव होतं, आणि मला बसल्या जागी कळलं. आकडे डोळ्यांपुढे आले, सगळे दहाच्या आतले. दुपारी मी तिथे पोचलो, सर्व्हिसिंग आहे म्हटलं, वॉचमन ओळखीचा. एक ओळ होती काका. एक ओळ बदलली, शेपटी वाचायला लावली, प्रोग्रॅमवर तारीख मागची टाकली. वीस मिनिटं. दोन दिवसांनी तपासवाले आले, त्यांनी मुद्दाम तार तोडलेला गिझर लावला, तर प्रोग्रॅमनं चोख नापास केला. मग त्यांनी ताईंना विचारलं, प्रोग्रॅम तर बरोबर आहे, मग हे कागदावरचे आकडे आले कुठून? तुम्ही गिझर न लावताच बसल्या बसल्या कॉम्प्युटरवर हातानं भरलेत ना? ताई म्हणाल्या, स्क्रीनवर पास येत होतं. माझ्या फोनचंही सांगितलं. मी म्हटलं, फोन आले होते, पण दुसऱ्याच कामाचे.

आत आहेत त्या. पाच महिने झाले. निकाल पुढच्या सोमवारी म्हणतात.

मीटरचं काय होणार? तपासवाले कॉम्प्युटर घेऊन गेले, कागद घेऊन गेले, मीटरकडे कोणी ढुंकून बघितलं नाही. त्यांना वाटतं मीटर म्हणजे फूटपट्टी. कारखाना बंद पडला, सामान निघालं, तेव्हा मी पुढे होऊन तो परत आणला. हो, तोच. तळातला. या मीटरना आठवण असते काका, शेवटच्या दोन हजार नोंदी, शेपटीसकट. पुसायला दोन बटणं, तीन सेकंद. रीतीप्रमाणे त्याच दिवशी पुसायला हवा होता. का नाही पुसला ते मला विचारू नका. रोज सकाळी फळी झाडतो, त्याच्याखालची जागा तेवढी राहते. कधी वाटतं, सोमवारच्या आत कोणीतरी येईल आणि...

हे काय काढलंत?

दाखवा. हा तर रोजचा कागद. याची प्रत तुमच्याकडे कशी? घरी न्यायच्या का त्या, बघत बसायला? चार पॉइंट दोन, सात पॉइंट एक, दोन पॉइंट आठ, नऊ पॉइंट नऊ. सही त्यांचीच आहे, ओळखतो मी. तरीच आल्या आल्या तळाकडे बोट दाखवलंत. ताईंनी सांगितलं असणार, मीटरला आठवतं म्हणून. हुशार आहेत. कागदावरची डोकी आणि मीटरमधल्या शेपट्या शेजारी ठेवल्या की लहान पोरालाही कळेल. तुम्ही त्यांचे...

वडील.

चेहऱ्यावरून लक्षात यायला हवं होतं. कपाळ तसंच आहे. मघापासून मी तुम्हाला काका म्हणतोय. बसा, उठू नका, मीच काढतो, जड आहे तो. वायर द्या ती इकडे. लागला बघा, पडदा पेटला. एक हजार नऊशे बारा नोंदी. ही शेवटची, नऊ पॉइंट नऊ, ई सदतीस. बघितलंत? नीट बघून घ्या. खोटं नव्हत्या बोलत त्या, मला तर बातमी आली त्या दिवसापासून माहीत आहे. माझ्याही घरी मुलगी आहे, परीक्षेला बसलीय यंदा. तुम्ही आला नसतात ना, तर ह्या नोंदी इथेच राहिल्या असत्या. अगदी खरं सांगतो. इतके दिवस माझा हात धजावला नाही.

हात काढा. मीटर अजून माझा आहे.

झालं. वाचा — नोंदी, शून्य. आता रीतीप्रमाणे विकायला हरकत नाही. हवाय का? आणि माझं बोलणं म्हणाल, तर बोलण्याचा कागद छापून येत नाही.

छत्री राहिली तुमची. दार ओढून घ्या, आपोआप लागत नाही ते.