विसाव्याच्या दिवशी पळालेला धैर्यशील

मंडळी, ऐका! माणसाला कष्ट करणं अवघड, की थांबणं अवघड? — "कष्ट!" कोण म्हणालं? मागं खांबाला टेकलेले काका! काका, तुमचं बरोबर, तुम्हाला टेकायची सवयच आहे! पण सगळ्यांना ते जमत नाही हो.

कोल्हापुरात धैर्यशील मगदूम नावाचे गृहस्थ. वय चव्वेचाळीस. एका डेअरीत यंत्रं सांभाळायची नोकरी. त्यांनी मनावर घेतलं — मोठी ट्रायथलॉन करायची! म्हणजे काय, आजी? पावणेचार किलोमीटर पोहायचं, ओल्या अंगानं सायकलवर बसायचं, एकशे ऐंशी किलोमीटर हाणायची, आणि उतरलं की बेचाळीस किलोमीटर पळायचं! एकाच दिवशी! — "कशापायी?" आजी, त्यांच्या आईनंही हेच विचारलं!

गुरू भेटले पट्टणकुडे सर, फौजेतून निवृत्त झालेले. सर म्हणाले, "बुधवारी आणि शनिवारी जोर लावायचा — छाती भात्यासारखी हलली पाहिजे! बाकीचे दिवस हळू, गप्पा मारता येतील इतकंच. आणि सोमवारी काही नाही."

"काही नाही म्हणजे, सर?"

"म्हणजे काही नाही! अंग कष्टानं मोडतं, मगदूम. बांधलं जातं ते विसाव्यात."

मान डोलावली — आपण इथं डोलावता तशीच! — आणि पहिल्याच सोमवारी पहाटे बायकोला, मृणालिनीला, म्हणाले, "डेअरीत लवकर बोलावलंय." निघाले कुठं? सायकल घेऊन जोतिबाच्या घाटात! दुसऱ्या सोमवारी तेच, तिसऱ्या सोमवारी तेच. हळू पळायच्या दिवशीही जोरात! पाय ठणकतायत, झोप उडालीय, आमटीत मीठ कमी म्हणून ताट सरकवतायत... पण थांबायचं नाव नाही!

सरांनी एकदा पहाटे मनगट धरलं. "पहाटेची नाडी बावन्न असायची, ती सत्तरवर गेलीय! सोमवारी काय करता?"

"काही नाही, सर!"

गुरूशी खोटं, बायकोशी खोटं! आणि अंगाशी? अंगाशी खोटं चालत नाही, मंडळी!

पुढचा शनिवार. पाच तास सायकल झाली. सर म्हणाले, "घरी जा, जेवा, झोपा." सर दिसेनासे झाले, आणि हे थेट पंचगंगेवर! कपडे काढले, मारली उडी. नदीच्या मधोमध गेले — आणि दोन्ही पोटऱ्यांत गोळे! पाय लाकडासारखे, हात उचलेनात. एकदा खाली गेले, वर आले, पुन्हा खाली...

पलीकडं तातोबा चौगुले म्हशी धूत होते. त्यांनी पाहिलं, आणि एक म्हैस हाकलली पाण्यात! स्वतः तिच्या पाठीला धरून ओरडतायत, "शेपूट धर गा! म्हस बुडत न्हाई, धर!"

धरलं! महागड्या सायकलचा मालक म्हशीच्या शेपटीला लोंबकळत काठाला लागला!

चिखलात पडले, धापा टाकत. तातोबा म्हणाले, "म्हसरू बी दुपारचं निवांत बसतंय. तुमास्नी बसाय येत न्हाई व्हय?"

मंडळी, या एका वाक्यावर तो गडी हुंदके देऊन रडला.

घरी येऊन मृणालिनीला सगळं सांगितलं. सोमवारचंही. ती म्हणाली, "पण का? कोण मागं लागलंय तुमच्या?"

मग म्हणाले, "दादा. बसलो की दादा दिसतो." थोरले भाऊ संग्राम. दोन वर्षांपूर्वी, पंचेचाळिसाव्या वर्षी, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. "पळत राहिलं की वाटतं, मला ते गाठणार नाही."

मृणालिनी म्हणाली, "आणि आज तुम्ही नदीतच राहिला असता, तर जन्मभर मला काय दिसलं असतं?"

आहे उत्तर?

सोमवारी संध्याकाळी दोघं अंगणात बसली. पाच मिनिटं झाली — गुडघा हलतोय! दहा झाली — उठू का, उठू का! तिनं गुडघ्यावर हात ठेवला. दादा दिसला. दिसू दिला. मग दोघं दादाबद्दल बोलत बसली, जेवायची वेळ टळेपर्यंत. दोन वर्षांत पहिल्यांदा!

सरांकडं जाऊन खोटं कबूल केलं. सरांनी तीन आठवडे सायकलला हात लावू दिला नाही. मग जोराचे दिवस दोनच, आणि सोमवार सोमवारसारखा! पाच महिन्यांनी शर्यत झाली. पावणेपंधरा तास लागले. पळताना दर पाण्याच्या टेबलापाशी चालले, लोक पुढं गेले, जाऊ दिले. रेषा ओलांडली आणि तिथंच फतकल मारून बसले — बिनधास्त!

तुम्ही म्हणाल, महाराज, आम्ही कुठं पळतोय? अहो, हात नुसता रिकामा झाला तर फोन शोधतो आपला! उद्या दहा मिनिटं बसून बघा. ज्याच्यापासून पळताय ते समोर येईल. येऊ द्या. एकट्यानं नाही झेपलं, तर घरातल्या माणसाला हाक मारा.

आणि मला विचाराल — या महिन्यात माझी सव्वीस कीर्तनं झाली. आमच्या सौभाग्यवती समोर बसल्यात. मघापासून सगळे हसले... त्या एकट्या हसल्या नाहीत!

उचला टाळ, मंडळी. आज जरा संथ लयीत नाव घेऊ.