भंडारा लावल्यावर

प्रियदर्शनी : आप्पा, संघाच्या या नव्या नियमांवर सही करा, न्हाईतर कुठला नियम टोचतोय ते तरी सांगा. उद्या सभेत वाचायचंय.

आण्णाप्पा : झ्याक लिवलंयस. जनावरांची डॉक्टर हुतीस, आता वकीलबी झालीस म्हण की!

प्रियदर्शनी : चेष्टा नको. बावीस वर्षं घोडागाडी संघाचे अध्यक्ष तुम्हीच. शर्यतीचं निशाण तुमच्या हातात, कुठलं घोडं पळवायचं तेही तुम्हीच ठरवणार. काका असलात तरी सांगते, हे आता चालायचं न्हाई.

आण्णाप्पा : व्हय गं. पद सोडतोच हाय. पर ते सातवं कलम वाच.

प्रियदर्शनी : "डॉक्टरांनी घोडं तपासून हो म्हटल्याशिवाय अध्यक्षांनी त्याला भंडारा लावू नये."

आण्णाप्पा : त्येच्या वरचं.

प्रियदर्शनी : "यंदा रवळू यांनी घोडीचं लंगडणं लपवलं. ती शर्यतीत पडून मेली. म्हणून त्यांना संघातून काढलं." तुम्हीच सांगितलेलं की हे.

आण्णाप्पा : खोड ते.

प्रियदर्शनी : का?

आण्णाप्पा : त्येनं लपवलं न्हवतं. गाडीला जुपताना माझ्या कानाशी येऊन बोलला, "आप्पा, चिमणी पुढचा पाय धरतीया. न्हाय पळवत."

प्रियदर्शनी : मग पळवली कुणी?

आण्णाप्पा : मी. तवर तिच्या कपाळाला भंडारा लावलेला. भंडारा लागलेलं घोडं माघारी न्यायचं न्हाय, ही आपली रीत. निपाणी-चिकोडीची माणसं बघत हुती. माझ्या हातचा भंडारा माघारी फिरवायचा म्हंजे... म्हटलं, देव हाय, पळंल.

प्रियदर्शनी : आणि मेल्यावर त्याच्यावर ढकललंत?

आण्णाप्पा : लोकांनी इचारलं, तोंडातनं निघून गेलं. त्यो तिथंच बसलेला, तिचं डोस्कं मांडीवर घिऊन. एका शब्दानं बोलला न्हाय. बोलला असता तर बरं झालं असतं गं.

प्रियदर्शनी : चार महिने, आप्पा! आणि मी माझ्या हातानं लिहिलं हे. मलाच लाज वाटायला लागलीय.

आण्णाप्पा : घाल शिव्या. माझ्या वयाकडं बघू नगंस.

प्रियदर्शनी : शिव्यांनी काय होतंय? उद्या सभेत तुम्ही उभं राहून सांगायचं. मी कागदावर लिहून देणार न्हाई.

आण्णाप्पा : सांगतो. पर त्येलाच काढलाय, त्यो सभेला येतोय कशाला? त्येच्या माघारी सांगून माझंच तोंड धुतल्यागत हुईल.

प्रियदर्शनी : मग उचगावला जा त्याच्या दारात.

आण्णाप्पा : परवा गेलतो.

प्रियदर्शनी : काय म्हणाला?

आण्णाप्पा : च्या दिला. नवं शिंगरू आणलंय त्येनं. म्हणतोय, "संघात नसलो म्हणून काय झालं? पयला भंडारा तुमच्याच हातचा, आप्पा."

प्रियदर्शनी : आणि तुम्ही?

आण्णाप्पा : भंडारा संपलाय म्हणालो. पुडी खिशातच हुती.

प्रियदर्शनी : अरे देवा, आप्पा...

आण्णाप्पा : ही घे, तुझ्यापाशी ठेव. आन् चल माझ्यासंगं, आत्ताच. आधी मी बोलतो, मग तू शिंगराचं पाय बघ. भंडाऱ्याचं मागनं, त्येनं लावू दिला तर.