पाऊण किलोचा फरक

सिद्राम : दोनच ओळी, अक्का. इंग्रजीत लिहून दे. खाली सही मी करतो.

नीलांबिका : काय लिहायचं?

सिद्राम : तपमानाच्या कोष्टकात चूक राहिली होती, माफ करा. बस.

नीलांबिका : कुठल्या कोष्टकात?

सिद्राम : आपल्या. बिअरच्या वहीत शेवटी तू केलंयस ना, ते.

नीलांबिका : ती वही माझ्या कपाटात आहे. तिच्यातल्या चुकीची माफी कुणाकडे मागायची?

सिद्राम : वही कपाटातच आहे. मी तिची नक्कल केली, माझ्या अक्षरात. मे महिन्यात लांगे साहेब मिलमधली मशीनं बसवून जर्मनीला परत गेले, तेव्हा त्यांच्याजवळ दिली. बरोबर एक बाटलीही दिली, शेवटच्या खेपेतली.

नीलांबिका : मला विचारलं नाहीस.

सिद्राम : तू नाही म्हणाली असतीस. हे बघ, पत्र आलंय. तिकडं बिअर करायला शिकवतात, त्या शाळेत साहेबांनी वही दाखवली, तिथून. एक वर्षाचा अभ्यासक्रम. मला घेतायत, अक्का. पुन्हा मिलच्या त्या रंगखात्यात उभं राहायला नको.

नीलांबिका : दे इकडे. ... 'आमच्याकडे वीस अंशांच्या खोलीत घनता मोजतात. तुम्ही एकोणचाळीस अंशांत मोजून जी दुरुस्ती केली आहे, ती आम्ही विद्यार्थ्यांना दाखवली. इतकं काटेकोर काम...' हे 'तुम्ही' म्हणजे कोण?

सिद्राम : वही माझ्या नावानं गेली ना. पण बिअर तर माझीच आहे की. सातूला मोड मी आणतो, कारखान्यातून बर्फाच्या लाद्या मी उचलून आणतो, त्या भुशात मी पुरतो. दीड महिना पिंप गार ठेवणं म्हणजे गंमत वाटते का सोलापुरात?

नीलांबिका : बिअर तुझी. कोष्टक?

सिद्राम : पुढं वाच. अडचण पुढंच आहे.

नीलांबिका : 'मात्र बाराव्या खेपेच्या नोंदीत मद्याचं प्रमाण पाच पूर्णांक नऊ टक्के दिलं आहे. तुमच्या बाटलीत आम्हाला सात पूर्णांक आठ टक्के मिळालं. याचा खुलासा आला की प्रवेशाचं पत्र पाठवू.'

सिद्राम : एवढंच. कोष्टक चुकलं म्हटलं की विषय संपला.

नीलांबिका : सात पूर्णांक आठ.

सिद्राम : त्यांच्याकडं भारी यंत्रं असतात.

नीलांबिका : मलाही तेवढंच आलं होतं.

सिद्राम : तुला? कधी?

नीलांबिका : जूनमध्ये. कॉलेजला सुट्टी होती. त्याच खेपेची एक बाटली प्रयोगशाळेत नेली, ऊर्ध्वपातन केलं, मद्य वेगळं काढून मोजलं. तीन वेळा. तिन्ही वेळा सात पूर्णांक आठ. हायड्रोमीटरनं आंबण्याआधी आणि नंतर मोजलेली घनता आणि माझं कोष्टक मिळून सांगत होतं पाच पूर्णांक नऊ.

सिद्राम : बोलली नाहीस.

नीलांबिका : काय बोलणार? पुण्याला पीएच.डी.चा अर्ज करायचा होता, त्याच कोष्टकावर. उष्ण हवेत आंबवण कसं मोजायचं, हाच विषय. सरांनी तोंडी होकार दिला होता. तीस जूनपर्यंत मुदत होती. मी सरांना कळवलं, की माझं कोष्टक जवळजवळ दोन टक्क्यांनी चुकतंय, अर्ज करत नाही.

सिद्राम : अगं, मग चूक होतीच की. तू स्वतःच कबूल केलंस. तेच यांना लिहायचं.

नीलांबिका : आधीच्या अकरा खेपा बरोबर आल्या, सिद्राम. त्याच कोष्टकानं, त्याच हायड्रोमीटरनं. बाराव्याच खेपेला ते कसं चुकलं, हे मला अजून कळलेलं नाही. ती कधी लावली होती आपण?

सिद्राम : आता कोण लक्षात ठेवतंय.

नीलांबिका : मी ठेवते. गुढीपाडव्याच्या आठवड्यात.

(ज्वारी पाखडणाऱ्या त्यांच्या आईचं, पार्वतम्मांचं सूप थांबतं.)

पार्वतम्मा : पाडव्याला? तवाच माजा गूळ गेला की.

नीलांबिका : कुठला गूळ, अव्वा?

पार्वतम्मा : होळगीला, पुरनात घालायला ठिवलेला. डब्यात वर फडकं बांदून ठिवलावता. सनाच्या आदल्या दिशी बगतेय तर निम्मा बी न्हाय. पाऊन किलो तरी गेला आसंल. गंगम्माबिगर कोन हुतं सैपाकघरात? घातली तिला घराबाहीर. बारा वरसं भांडी घासली तिनं आपल्यात, माजा तर इस्वासच बसंना. पन गूळ काय पाय फुटून जातोय व्हय?

नीलांबिका : सिद्राम.

सिद्राम : काय?

नीलांबिका : पिंपात वीस लिटर होतं. पाऊण किलो गुळात आंबणारी साखर सहाशे ग्रॅम धर. तिचं निम्मं मद्य होतं, तीनशे ग्रॅम, म्हणजे मापानं पावणेचारशे मिलिलिटर. वीस लिटरांत किती टक्के वाढतील, ते मी तोंडी सांगू शकते. तू सांग.

सिद्राम : अक्का, परीक्षा घेऊ नकोस.

नीलांबिका : एक पूर्णांक नऊ. पाच पूर्णांक नऊमध्ये मिळव.

सिद्राम : साहेबांना मी म्हटलं होतं, तुमच्याकडं ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत पितात तशी कडक बिअर करून दाखवतो. साडेसातच्या वरची. तुला विचारलं, तर तू म्हणालीस, एवढ्या सातूत सहाच्या वर जाणार नाही.

नीलांबिका : आणि सातू वाढवू, असंही मी म्हणाले होते.

सिद्राम : कुठून वाढवणार? मोड आलेला निम्मा बुरशीनं गेला होता. तिसऱ्या दिवशी, तुझं पहिलं वाचन झाल्यावर, गूळ विरघळवून ओतला. म्हटलं, कुणाला कळतंय.

नीलांबिका : जूनमध्ये मी सकाळी सातला प्रयोगशाळेत जायचे, ते तुला माहीत होतं. घरी येऊन आकडे पुन्हा पुन्हा मांडायचे. तू विचारलंस, अक्का, काय चुकतंय. मी म्हटलं, माझंच काहीतरी.

सिद्राम : तू ते त्यासाठी करतेस, हे मला कुठं माहीत होतं? कॉलेजचं काही असेल असं वाटलं.

नीलांबिका : वाटलं, की वाटून घेतलंस?

पार्वतम्मा : आरं, म्हंजे तू घेतलास गूळ? त्या कडू पान्यात घातलास? मला म्हनतोस सातूचं अवशद हाय. अवशद पिऊन कोन गानी म्हनतंय रं? पन मी गप बसले. त्यो सायब, कुनाचा तरी लेक परदेशातनं आलाय, म्हनलं. तवा बोलायचं हुतंस की, मी गंगम्माला बोलत हुते तवा. तितंच दारात हुबा हुतास तू.

सिद्राम : अव्वा, तू यात पडू नकोस. अक्का, ऐक. गूळ म्हटलं, तर ते मला दारात उभं करणार नाहीत. त्यांच्याकडं नियम आहे, सातू, पाणी आणि ती कडू फुलं, बाकी काही नाही. कोष्टक चुकलं म्हटलं, तर कुणाचं काय जातं? तुझं नावही नाही त्यावर.

नीलांबिका : हे खरं आहे.

सिद्राम : मग?

नीलांबिका : कागद घे. मी सांगते, तू लिही.

सिद्राम : अक्का.

नीलांबिका : 'तिसऱ्या दिवशी मी पाऊण किलो गूळ मिसळला. मोजणाऱ्या व्यक्तीला ते सांगितलं नाही. कोष्टक बरोबर आहे.'

सिद्राम : मोजणारी व्यक्ती कोण, असं विचारतील.

नीलांबिका : विचारू देत.

सिद्राम : मला बोलावणार नाहीत.

नीलांबिका : बहुतेक नाही.

सिद्राम : आणि तुझी मुदत तर गेलीच. मग यात कुणाचं भलं झालं? पुढच्या वर्षी कर ना अर्ज. सरांना सांग, भावानं घोटाळा केला.

नीलांबिका : सरांनी ती जागा भरली. आणि पुढच्या वेळी ते माझा कुठलाही आकडा पाहतील, तेव्हा त्यांना माझं ते पत्र आठवेल. लिही.

सिद्राम : लिहितो. 'कोष्टक बरोबर आहे.' झालं? झालं समाधान?

पार्वतम्मा : आन् गंगम्माचं काय? ती गेली मैंदर्गीला, भावाच्या दारात. तितं तिला समद्यांनी इचारलं आसंल, का काडलं म्हनून.

नीलांबिका : मैंदर्गीची पहिली एसटी सकाळी सातला सुटते. सिद्राम जाईल.

सिद्राम : मी? एवढ्यासाठी? तिलाही पाठवतो की एक पत्र.

नीलांबिका : तिला वाचता येत नाही.